दातातलं जाळं

नागीण सुकून गेली, खपल्या पडल्या, तरी ज्याच्या अंगात तिचं दुखणं मुक्कामाला राहिलं आहे, अशा माणसासाठी मी हे लिहून ठेवतो आहे. ज्याला हे झालं नाही त्यानं नुसतं हसण्यासाठी वाचलं तरी माझी हरकत नाही. आमच्या गावानं तेच केलं.

मी डोमा, जातीनं ढीवर. नागभीडपासून अडीच कोसांवर आमचं गाव अन् गावाला मोठा तलाव. शाळा चौथीपर्यंत झाली. मास्तरांनी पुस्तकी मराठी लिहायला शिकवली, बोलायला शिकवायचं त्यांच्याकडून राहून गेलं. म्हणून मी लिहितो एक अन् बोलतो एक.

आधी फेकजाळ्याचं सांगतो, नाही तर माझं दुखणं कोणाला समजायचं नाही. हे जाळं गोल असतं, काठाला शिशाचे मणी. टाकताना थोडं जाळं डाव्या कोपरावर घ्यायचं, थोडं उजव्या हातात, अन् काठाची दोरी दातात धरायची. अंगाला झोका देऊन हात सोडायचे अन् त्याच घडीला दात उघडायचे. दात आधी उघडले तर जाळं लंगोटीसारखं पडतं. उशिरा उघडले तर काय होतं ते पुढे येईलच. माझा बाप म्हणायचा, जाळं हातानं नाही, दातानं टाकतात. मी डाव्या सुळ्याखाली दोरी धरायला शिकलो.

चैत्रात तलावाचं पाणी उतरलं की गाव मिळून मासे धरायचा दिवस ठरवतं. सगळे ढीवर जाळी घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहतात, पण पहिलं जाळं एकाचंच पडतं. ते माझ्या बापाचं होतं, बाप गेल्यावर माझ्याकडे आलं. ज्या साली त्या माणसाला जाळं टाकता आलं नाही, त्या साली ते भावकीत दुसऱ्याकडे जातं, अन् एकदा गेलं की परत मागायचं नसतं. त्यातून मिळत काही नाही, पहिला मासा तर देवीचा असतो. पण सगळं गाव गप्प उभं असतं अन् आपलं जाळं हवेत उघडतं, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. माझ्यानंतर हक्क होता माझ्या चुलतभावाचा, झिबलचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अन् जाळं माझ्याइतकंच चांगलं टाकतो. हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

गेरूची रेघ

ज्या साली आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात, पौषात, मला नागीण निघाली. राज्य बदलल्यामुळेच ती निघाली असं मोठीमायचं मत होतं. मोठीमाय म्हणजे माझी मोठी चुलती, झिबलची माय. तिची मतं ती कोणाला विचारून बनवत नाही.

तीन दिवस अंग कसकसत होतं अन् डाव्या कानाजवळ आग व्हायची. चौथ्या दिवशी सकाळी कानापासून जबड्यावरून थेट हनुवटीपर्यंत पाण्याचे फोड आले. खालच्या ओठाचा डावा भागही भरला. आमच्याकडे म्हणतात, नागिणीचं तोंड तिच्या शेपटीला लागलं की माणूस संपला. कमरेवर निघाली तर ती कशी फिरेल हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोंडावरची नागीण कुठून कुठे जाईल, यावर मात्र माझ्याच अंगणात, माझ्याचसमोर, अर्धं गाव बसून बोलत होतं. एक म्हणाला उजव्या कानावरून मागे जाईल. दुसरा म्हणाला डोक्यावरून येईल. माझी बायको गिरजा दाराआड उभी राहून पदर चावत होती.

तेवढ्यात मोठीमाय गेरू कालवून आली. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं अन् ओठाच्या मधोमधपासून हनुवटीवरून गळ्यापर्यंत उभी रेघ ओढली. मग नागिणीलाच दम दिला, "याच्या पुढं आली तं माझ्याशी गाठ आहे."

अन् बाप्पा, नागीण थांबली. एक फोड रेघेपलीकडे गेला नाही. मोठीमायचा मान गावात एवढा वाढला की चार गावांचे लोक तिच्याकडे गेरू लावून घ्यायला येऊ लागले.

अर्धा बैरागी

पंधरा दिवसांत फोड सुकले. देवीला नारळ फोडला. मग मला वाटलं आता दोन दिवसांत दुखणंही जाईल. ते गेलं नाही.

शिंगी माशानं बोटाला काटा मारला की खांद्यापर्यंत कळ जाते, हे आमच्यातल्या कोणालाही विचारा. तशी कळ माझ्या जबड्यातून कानात जायची, अन् दिवसातून कितीदा ते मोजणं मी सोडून दिलं. तिला कारण लागत नव्हतं. वारा लागला तरी पुरे. कांबळ्याचा केस लागला, मोठा घास घेतला, जांभई आली, तरी तेच. वरून पाहावं तर कातडी बरी झालेली. त्यामुळे लोकांना वाटायचं हा ढोंग करतो. दुखतं त्याच्यापेक्षा याचा राग मला जास्त यायचा.

वस्तरा डाव्या गालाला लावू देणं शक्य नव्हतं. पण मी हट्टी. अख्खी दाढी वाढवून रोगी दिसायचं नाही म्हणून उजवी बाजू दर आठवड्याला नीट करून घ्यायचो. उजवीकडून मी नवरदेव अन् डावीकडून गोसावी. गावानं माझं नाव 'अर्धा बैरागी' ठेवलं. हाक मारणारा ज्या बाजूनं यायचा तसं बोलायचा, डावीकडून आला तर आधी नमस्कार करायचा.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण मला हसता येत नव्हतं. हसलं की गाल ताणायचा अन् कळ निघायची. आता माझी गिरजा म्हणजे साऱ्या गावाची नक्कल करणारी बाई. मोठीमाय कशी चालते, मास्तर कसे शिंकतात, झिबल मासा निसटल्यावर तोंड कसं करतो, हे सगळं तिच्या अंगात. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी संध्याकाळी चुलीपाशी ती काही तरी करून दाखवायची अन् मी पोट धरून बसायचो. माघात एकदा तिनं अशीच मास्तरांची शिंक काढली. मला हसू फुटलं, त्यापाठोपाठ अशी कळ आली की मी हातातली पेजेची वाटी भिंतीवर फेकली. तुझ्यामुळे होतं, असं ओरडलो. आमची पोरगी रडायला लागली. गिरजानं भिंत पुसली.

त्या दिवसापासून तिनं नक्कल बंद केली. माझ्यासमोर ती हळू बोलायची, भांडीसुद्धा हळू ठेवायची. घर एवढं गप्प झालं की मला माझीच लाज वाटायची, अन् माफी मागावी तर तोंड उघडायची भीती. आजारपणात सगळ्यांत वाईट काय होतं असं कोणी विचारलं तर मी कळ सांगत नाही, ती वाटी सांगतो.

कोणी तरी म्हणालं दुखणं दाढेचं असेल. बाजारात दात काढणारा एक जण पाल टाकून बसायचा. त्यानं टकटक करून पाहिलं अन् एक चांगली धडधाकट दाढ उपटून माझ्या हातात दिली. दुखणं होतं तिथंच राहिलं. त्याला मात्र माझी दाढ आवडली, असे दात आता पाहायला मिळत नाहीत म्हणाला.

झिबलची गाडी

फाल्गुन लागला. मोहाची फुलं पडायला लागली, तलावाचं पाणी खाली जायला लागलं. एके दुपारी मी कोणाला न सांगता गावाबाहेरच्या बोडीवर, लहान तळ्यावर, जाळं घेऊन गेलो. डाव्या सुळ्याखाली दोरी धरली अन् डोळ्यांपुढे अंधारी आली. उजवीकडून धरून पाहिलं. वीस वर्षांची सवय डावीची, जाळं उलटं वळलं अन् गठ्ठा होऊन पाण्यात पडलं. तिथंच चिखलात बसून मी रडलो, अन् रडतानाही गाल दुखायचा, म्हणजे नीट रडताही येईना.

मागे वळून पाहतो तर झिबल उभा. मला वाटलं हा खूश झाला असेल. महिना-दीड महिन्यानं पहिलं जाळं याचंच होतं. मी विचारलं, पाहून घेतलं का पोटभर. त्यानं माझं भिजलेलं जाळं उचलून पिळलं.

"मले जाळं पायजे, डोमाभाऊ," तो म्हणाला, "पण असं नाई पायजे."

दुसऱ्या सोमवारी पहाटे त्यानं दारापुढे बैलगाडी आणून लावली. नागपूरचे एक डॉक्टर दर सोमवारी छोट्या लायनीच्या आगगाडीनं नागभीडच्या दवाखान्यात येतात, असं त्यानं कुठून तरी ऐकून ठेवलं होतं. गिरजानं फडक्यात मुरमुरे बांधून दिले. वाऱ्यासाठी माझ्या तोंडाला तिचं जुनं लुगडं गुंडाळलं होतं. वाटेत एका बाईनं झिबलला विचारलं, नवी नवरी कोठची. तो गंभीर तोंडानं म्हणाला, चिमूरची.

सुई

डॉक्टरांनी माझी अर्धी दाढी पाहिली अन् हसले नाहीत. म्हणाले, "नागीण झाली होती ना? कोणत्या महिन्यात?" मला काय झालं सांगू? तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणी तरी मी सांगायच्या आधी ओळखलं होतं. मी तिथल्या बाकावर ओक्साबोक्शी रडायच्या बेतात होतो.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. नागीण म्हणजे कातडीचं दुखणं नाही, आतल्या नसेचं आहे. ती नस कानाजवळून जबड्यात उतरते. नागीण गेली, पण जाता जाता नस जाळून गेली. आता ती नस विनाकारण ओरडते. तिला सुईनं थोडा वेळ झोपवायचं. दर आठवड्याला झोपवलं तर पुष्कळांची हळूहळू शांत होते. सगळ्यांचीच होते असं नाही, असंही ते म्हणाले. खोटा धीर दिला नाही, हे मला बरं वाटलं. दाढेचं ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

मी गेरूच्या रेघेचंही सांगितलं. ते म्हणाले, डाव्या अंगाची नस मधोमध संपते, नागीण रेघेशिवायही तिथंच थांबली असती. ही गोष्ट मी मोठीमायला आजवर सांगितली नाही अन् तुम्हीही सांगू नका.

सुई पाहून माझी गाळण उडाली. कानाच्या पुढे, तोंड उघडलं की खळगा पडतो, तिथून ती आत जाणार होती. ज्या जागेला कांबळ्याचा केस सहन होत नव्हता तिथं सुई. कंपाउंडरनं डोकं धरलं, झिबलनं पाय धरले. खोटं कशाला सांगू, सुई जाताना मी त्या दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण मनात वीस मोजायच्या आत काही तरी झालं. आधी ओठ जड झाला, मग हनुवटी, मग दुखणं कोणी उचलून बाहेर नेऊन ठेवावं तसं गेलं. मी स्वतःच्या गालाला हात लावला. जोरात चोळला. थापडही मारून पाहिली. हे सगळं डॉक्टरांसमोर चाललं होतं.

त्यांनी ताकीद दिली, तीन तास काही खायचं नाही, बधिर तोंडात जीभ चावली तरी कळणार नाही. मी मान हलवली अन् गाडीत बसल्या बसल्या गिरजाचे मुरमुरे काढले. तीन महिन्यांनी मोठे बकणे मारत होतो, काय सुख होतं ते. मधेच झिबलनं बैल थांबवले. माझ्या दाढीतून रक्त गळत होतं, मी मुरमुऱ्यांबरोबर ओठही खात होतो.

संध्याकाळपर्यंत दुखणं परत आलं. पण पूर्वीपेक्षा थोडं दमून आलं. दुसऱ्या सुईनंतर आणखी दमलं. चौथ्या सुईपर्यंत वारा सहन व्हायला लागला, गिरजाच्या हातचा मऊ भात दोन्ही बाजूंनी खाता यायला लागला. दोरी मात्र अजून सुळ्याखाली धरवत नव्हती. अन् गिरजा अजून हळूच बोलायची.

तलावाचा दिवस

पंचांनी दिवस ठरवला तो नेमका सोमवार. मी म्हटलं, हे तर देवीनंच केलं. मला एक शक्कल सुचली होती. सकाळी सुई घ्यायची, जबडा बधिर असतानाच परत यायचं अन् दोरी दातात धरायची. दुखायचं कारणच नाही. मी ही युक्ती कोणाला सांगितली नाही, डॉक्टरांनाही नाही. त्यांनी नेहमीसारखं बजावलं, तीन तास काही खाऊ नका. मी हो म्हटलं. जाळं ही काही खायची वस्तू नव्हती.

मास्तरांच्या सायकलवर डबलसीट बसवून झिबलनं मला वाऱ्यासारखं परत आणलं. पाळीवर सगळं गाव उभं होतं. ढीवर आपापली जाळी घेऊन थांबलेले, बायका टोपल्या घेऊन. गिरजा पोरीचा हात धरून पुढेच उभी होती. मी गुडघाभर पाण्यात गेलो. जाळं कोपरावर घेतलं, दोरी डाव्या सुळ्याखाली दिली. दुखलं नाही. एवढंसुद्धा दुखलं नाही. बापाचं नाव घेतलं अन् झोका दिला.

जाळं असं उघडलं की काय सांगू. चंद्राचं खळं पडतं ना, तसं. ते पाहता पाहता माझ्या ध्यानात आलं की मी दात उघडलेच नाहीत. म्हणजे मला वाटलं होतं उघडले. बधिर तोंडाला काय उघडलं अन् काय मिटलं काही कळत नव्हतं. दोरी सुळ्यात अन् काढलेल्या दाढेच्या खिंडारात पक्की अडकली होती. शिशाचे मणी पुढे गेले, जाळं पुढे गेलं, अन् त्यांच्यामागे मान लांब करून मीही गेलो. दोन्ही पाय पाण्याबाहेर निघाले होते म्हणतात. मी काही ते पाहिलं नाही.

वर आलो तर डोक्यावर शेवाळ, तोंडात दोरी, अन् पाळीवर कोणी हसेना. पहिलं जाळं टाकताना माणूस पाण्यात पडलेला गावानं कधी पाहिला नव्हता. हे शुभ की अशुभ तेच कोणाला ठरवता येईना. मग पंचांतला एक जण घसा खाकरून म्हणाला की हे काही जाळं टाकणं झालं नाही, नियमानं आता झिबलनं टाकावं. झिबल खाली पाहत उभा राहिला. चार महिने ज्यासाठी धडपडलो ते असं सगळ्या गावासमोर जाणार होतं.

तेव्हा मोठीमाय पुढे आली. झिबलची माय. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश की पहिलं जाळं तिच्या पोटच्या पोराला मिळणार होतं. ती पाण्याकडे पाहून म्हणाली, "जाळं बराबर पडलं. त्याच्या मांगं माणूस पडला. माणसानं पडू नये असं कोणी सांगतलं होतं?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. असं खरंच कोणी सांगितलं नव्हतं. झिबलनंच पाण्यात येऊन माझ्या दातातली दोरी सोडवली अन् आम्ही दोघांनी जाळं ओढलं. एक रोहू, दोन मरळ. झिबल ओरडला, अन् हा एक बैरागी.

पाळीवरून एक आवाज आला. मला तो वाटी फेकल्यापासून ऐकायला मिळाला नव्हता. गिरजा हसत होती. तोंडावर पदर दाबून नाही, चांगली कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी काढत. मग तिनं तिथंच, सगळ्या गावासमोर, मान लांब करून अन् दोन्ही हात पसरून माझी नक्कल केली. मग काय, अख्खी पाळ हसायला लागली. अन् मीही हसलो, अर्ध्या तोंडानं, लाळ गाळत. दुसरं अर्धं झोपलेलं होतं.

दिवस मावळायला तोंडाची बधिरी उतरली. मी ओसरीवर कळेची वाट पाहत बसलो होतो, पाहुणा येणार म्हणून बसावं तसा. ती आली. गालाला नुसता हात लावून गेली. गिरजा शेजारी येऊन बसली. मी तिला म्हटलं, त्या दिवशी वाटी फेकली ते माझं चुकलं. ती म्हणाली, वाटीचं जाऊ द्या, आज तुमी सोताच फेकल्या गेले.

पुढच्या सोमवारी

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांना आधी पटेना. मग त्यांनी माझ्या दातात टॉवेल दिला अन् जाळं कसं धरतात ते करून दाखवायला लावलं. पाहता पाहता ते खुर्चीवर बसून हसू लागले. तेव्हापासून ते प्रत्येक रोग्याला विचारतात, खाण्याशिवाय तोंडानं आणखी काय काय करता? मला म्हणाले, तुमच्यासारखे पुष्कळ जण सुईला भिऊन पळून जातात, त्यांच्यासाठी हे लिहा. म्हणून लिहिलं. सुई दुखते, पण वीस मोजेपर्यंत. तीन तास काही खाऊ नका. तोंडात दुसरंही काही धरू नका.

एकंदर आठ सुया झाल्या. आजही थंडीत ओठाची कड कधी मधी शिवशिवते, पण वस्तरा दोन्ही गालांवरून फिरतो. दाढी गेल्यावर गावाला पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटलं.

पुढच्या चैत्रात मी पुन्हा गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. तोंडाला त्या दिवशी कसलीही सुई लावली नव्हती. शेजारच्या दोन गावांचे लोकही आले होते, अन् ते मासे पाहायला आले नव्हते हे मला कळत होतं. सुळ्याखाली दोरी धरली. ती ओली होती, खरबरीत होती, जुन्या चिखलाची चव होती तिला. मला सगळं कळत होतं. झोका दिला, हात सोडले, दात उघडले. दोरी ओठावरून सरकत गेली ती मला कळली. जाळं गोल पडलं अन् मी जागच्या जागी उभा राहिलो.

पाळीवर सगळे थोडे हिरमुसले. गिरजा टोपली कमरेवर घेऊन खाली पाण्यापाशी आली अन् माझ्याकडे पाहून म्हणाली, "सकायपासून चूल टाकून येऊन बसली मी इथी, अन् तुमी पडलेच नाई."